चेहरा लक्षात, नाव विस्मरणात

मंडळी, सुरुवात एका कोड्याने करू. माणूस इंग्रज. जन्म लंडनचा, १८६३ सालचा. केंब्रिजला शिकला, ससेक्सकडून क्रिकेट खेळला. गोलंदाज होता. इंग्लंडकडून कसोटी सामना खेळला तो एकच, आणि त्या एकाच सामन्यात तो कप्तान होता. मार्च १८८९, दक्षिण आफ्रिकेतलं पोर्ट एलिझाबेथ. पहिल्या डावात त्याने १९ धावांत ५ बळी घेतले आणि इंग्लंडने सामना ८ गडी राखून जिंकला. ओळखा.

तुमच्यातले क्रिकेटवाले आता जुन्या कप्तानांची नावं आठवत असतील. दुसरी खूण देतो. चेंडू टाकायला हा सरळ धावत येत नसे. कधी मिड-ऑफच्या बाजूने तिरका यायचा, कधी पंचाच्या पाठीमागून एकदम समोर उगवायचा. फलंदाज दचकत. त्यावरून त्याला ‘राउंड द कॉर्नर’ असं टोपणनाव पडलं. तिसरी खूण: दौऱ्यानंतर तो दक्षिण आफ्रिकेतच राहिला, सोन्याच्या नादी लागला. न्यूमोनिया झाला आणि डॉक्टरांनी त्याला चक्क मृत घोषित केलं. तो त्यातून उठला आणि पुढे जवळजवळ साठ वर्षं जगला. चौथी खूण: सत्तरीच्या उंबरठ्यावर, १९३२ साली, त्याने हॉलिवूडमध्ये क्रिकेट क्लब काढला. पडद्यावर फ्रँकनस्टाइनचा राक्षस झालेला बोरिस कार्लॉफ त्या क्लबात होता.

आता पाचवी खूण देतो आणि बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर चेहरा उभा राहील. झुपकेदार भुवया, पांढऱ्या मिशा, ताठ कणा, शिस्तीत मुरलेला म्हातारा लष्करी अधिकारी. ‘द लाइव्हज ऑफ अ बेंगॉल लान्सर’ (१९३५) मधला मेजर, ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’ (१९३७) मधला कर्नल, ‘रिबेका’ (१९४०) मधला कर्नल. सी. ऑब्री स्मिथ. बेव्हर्ली हिल्समधल्या त्याच्या घराचं नाव ‘द राउंड कॉर्नर’ होतं, आणि छपरावरच्या वातकुक्कुटाच्या जागी स्टंप, बॅट आणि चेंडू होते.

हे कोडं मी मुद्दाम याच क्रमाने घातलं. पाचवी खूण आधी दिली असती, तर तुम्ही ‘अरे हो, तो कर्नल!’ म्हणून मोकळे झाला असतात. चरित्र अभिनेत्याचं, म्हणजे नायक-नायिकेच्या अवतीभवतीच्या छोट्या, ठरावीक भूमिका करणाऱ्या नटाचं, हेच होतं. भूमिकेवरून ओळखलं की आपण पुन्हा भूमिकेपाशीच येऊन थांबतो, माणूस बाहेरच राहतो. म्हणून या खेळात माझा एक आग्रह असतो: चित्रपटाचं नाव सगळ्यात शेवटी. आधी जन्मगाव, आधीचा व्यवसाय, कुठून पळून आला, कुणाचा नातेवाईक, कशात हात चालत होता. माणूस आधी भेटला पाहिजे, कर्नल मागाहून.

हे लोक विसरले का गेले? अभिनय कमी होता म्हणून नव्हे. १९३० आणि १९४० च्या दशकांत वॉर्नर, एमजीएम, पॅरामाउंट असे स्टुडिओ नटांना करारावर ठेवत. चित्रपट दीड तासाचा. हॉटेलचा मॅनेजर, न्यायाधीश, घरभाडं वसूल करणारा, आगाऊ मोलकरीण, यांची ओळख करून द्यायला पटकथेत वेळ नसे. ते काम चेहऱ्याने करायचं. दार उघडून तो चेहरा आत आला की प्रेक्षकाला दोन सेकंदांत कळायचं, हा माणूस अडवणूक करणार. म्हणून तेच चेहरे त्याच कामाला पुन्हा पुन्हा घेतले जात. श्रेयनामावली सुरुवातीलाच, तीही मोजक्या नावांची; एखाद-दुसऱ्या प्रसंगाच्या नटाचं नाव तिथे येतच नसे. चार्ल्स लेन हा उंच, हडकुळा, चष्मेवाला, कपाळाला आठी घातलेला नट शेकडो चित्रपटांत दिसला. कधी तो सहज सिनेमा बघायला जायचा आणि पडद्यावर अचानक स्वतःच उगवायचा. हे काम आपण केलंय हे त्याच्या ध्यानातही नसायचं. त्याचं कोडं घालायचं तर मी १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपापासून सुरुवात करीन. तेव्हा तो त्या शहरात वर्षभराचं बाळ होता. स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड या नटांच्या संघटनेच्या पहिल्या सभासदांपैकी तो एक. २००५ साली, शंभराव्या वर्षी, त्याचा जाहीर सत्कार झाला तेव्हा त्याने सांगितलं, कुणाला हवं असेल तर मी अजून कामाला मोकळा आहे. तो १०२ वर्षं जगला.

आता मला जिथे खरं रेंगाळायचंय तिथे येतो. ‘कॅसाब्लांका’, १९४२. तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी पाहिलाय. हम्फ्री बोगार्ट आणि इन्ग्रिड बर्गमन बाजूला ठेवा. जुगाराच्या टेबलापाशी बघा. पोलीस कप्तान इथे जुगार चालतो म्हणून कॅफे बंद करायचा हुकूम देतो आणि त्याच क्षणी एक ठेंगणा क्रूपिए, म्हणजे जुगाराचं टेबल सांभाळणारा, त्याच्या हातात त्याने जिंकलेले पैसे ठेवतो. काही सेकंदांचं काम. पडद्यावर त्याचं नाव नाही.

त्याच्या खुणा अशा. जन्म १८९९, पॅरिस. आईवडील रुमानियातून आलेले ज्यू. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रन्वारच्या ‘ला ग्रांद इल्यूजन’ (१९३७) आणि ‘ला रेग्ल द्यु जू’ (१९३९) या दोन्ही चित्रपटांत महत्त्वाच्या भूमिका. आज जगातले समीक्षक ज्यांच्यापुढे नतमस्तक होतात ते हे चित्रपट. जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसच्या वेशीशी आल्या तेव्हा तो तरुण बायकोला घेऊन निघाला. लिस्बन गाठलं, चिलीचे व्हिसा मिळवले, बोटीत बसला. मेक्सिकोत कळलं की व्हिसा बनावट आहेत. शेवटी कॅनडाच्या तात्पुरत्या पासपोर्टवर अमेरिका. इकडे पॅरिसमध्ये नाझींनी त्याचाच चेहरा ‘ज्यू असा दिसतो’ म्हणून पोस्टरवर छापून भिंतींवर लावला. आईवडील छळछावणीत गेले. हा मार्सेल दालिओ. आणि तो कुठल्या कथेत क्रूपिए झाला? लिस्बनला जाण्यासाठी व्हिसा मिळवायची धडपड करणाऱ्या निर्वासितांच्या कथेत!

त्याची बायको मादलेन लबो त्याच चित्रपटात आहे. कॅफेत जर्मन अधिकारी आपलं गाणं म्हणतात आणि त्याला उत्तर म्हणून सगळे फ्रान्सचं राष्ट्रगीत उचलतात, तेव्हा कॅमेरा एका तरुणीच्या चेहऱ्यावर जातो. डोळे भरलेले, आवाज चढलेला. ती लबो. तिच्या देशावर त्या दिवशी जर्मनांचा ताबा होता. ते अश्रू केवळ दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून आले असतील असं मला कधीच वाटलेलं नाही.

त्याच कॅफेत एक म्हातारं जोडपं अमेरिकेला निघालंय म्हणून मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकमेकांना वेळ विचारतं आणि गुबगुबीत गालांचा हेडवेटर कार्ल त्यांच्याबरोबर ब्रँडी घेतो. हा प्रसंग हसवणारा आहे आणि लोक हसतात. आता टेबलावरचे तिघे बघा. नवरा लुडविग श्टोसेल, ऑस्ट्रियाचा. बायको इल्का ग्रुनिग, व्हिएन्नात जन्मलेली, बर्लिनमध्ये अभिनय शिकवणारी. कार्ल म्हणजे एस. झेड. साकाल, बुडापेस्टचा. तिघांनाही हिटलरमुळे युरोप सोडावा लागला होता. साकालच्या तिन्ही बहिणी छळछावण्यांत मेल्या. हॉलिवूडने त्याचं लाडाचं नाव ‘कडल्स’ ठेवलं होतं.

खिसेकापूचं काम करणारा कुर्ट बोइस बर्लिनचा. बालनट म्हणून १९०७ च्या सुमारास सुरुवात, युद्धानंतर जर्मनीला परत, आणि १९८७ साली व्हिम व्हेंडर्सच्या बर्लिनवरच्या चित्रपटात तो म्हातारा होमर झाला. नाझी मेजर झालेल्या कॉनराट फाइटची बायको ज्यू होती आणि त्याने स्वतः १९३३ मध्ये जर्मनी सोडली होती. नामावलीत ज्यांचं नाव आहे अशा नटांपैकी अमेरिकेत जन्मलेले फक्त तीन. हे सगळं माहीत झाल्यावर चित्रपट पुन्हा बघा. मागच्या टेबलांवरून नजर हटणार नाही.

अशी चरित्रं वाचताना सावधही राहावं लागतं. स्टुडिओचे प्रसिद्धी विभाग नटांना नवं बालपण देत. मर्ल ओबेरॉन ही चरित्र अभिनेत्री नव्हे, मोठी तारका. पण उदाहरण आपल्या घरचं आहे. ती टास्मानियात जन्मली असं जगाला सांगितलं गेलं. जन्म आपल्या मुंबईतला, १९११ चा, आणि बालपण कलकत्त्यातलं. मिश्र रक्ताची मुलगी नायिका म्हणून चालणार नाही, ही तेव्हाची भीती. तिला आयुष्यभर ते लपवावं लागलं, याची चीड आल्याशिवाय राहत नाही. म्हणून ‘जन्म टास्मानिया’ अशी खूण मिळाली की जन्मदाखला, बोटीची प्रवासीयादी, जनगणनेची नोंद यांच्याशी ताडून बघायची.

आणखी एक छोटं कोडं. आपण शाळेत माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा पाठ केल्या. १९१९ चा कायदा. त्या व्हाइसरॉय चेम्सफर्डचा सख्खा चुलतभाऊ नट होता. पहिल्या महायुद्धात साधा शिपाई म्हणून गेला, खंदकात दोन्ही हातांना जखमा झाल्या. भरतकामाची त्याला विलक्षण आवड. जायबंदी सैनिकांना भरतकामातून रोजगार मिळावा म्हणून तो झटला, आणि त्या कलेवर त्याने पुस्तकही लिहिलं. ‘ब्राइड ऑफ फ्रँकनस्टाइन’ (१९३५) मधला तो लांब नाकाचा, विक्षिप्त डॉक्टर प्रिटोरियस म्हणजे हाच, अर्नेस्ट थेसिजर. आता त्या चित्रपटात त्याच्या लांब, हाडकुळ्या बोटांकडे बघा.

शेवटचं नाव जरा कटू आहे. खुणा: न्यूयॉर्कचा ज्यू, जन्म १८९१. नट होण्याआधी ब्राँक्समध्ये गणित शिकवायचा. १९५० च्या ‘द ॲस्फाल्ट जंगल’साठी ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि त्यानंतर थोड्याच काळात हॉलिवूडच्या काळ्या यादीत, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून ज्यांना काम द्यायचं नाही अशांच्या यादीत, नाव गेल्याने कामं बंद झाली. सॅम जाफे. सत्तेचाळिसाव्या वर्षी अंगाला काळपट रंग फासून त्याने ‘गंगादीन’ (१९३९) मधला पाणक्या केला, इंग्रज पलटणीसाठी जीव देणारा. मुंबईच्या ‘फिल्मइंडिया’ मासिकाने त्या चित्रपटावर कडाडून टीका केली, आणि ती रास्त होती. त्यात ठगांचा गुरू झालेला एदुआर्दो चानेल्ली हा इटलीचा. नेपल्सला वैद्यक शिकलेला आणि ऑपेरा गायलेला. आपल्या माणसांच्या भूमिका आपल्या माणसांना मिळाल्या नाहीत, याचा राग मला आजही आहे. पण तो राग त्या स्टुडिओवर, त्या काळाच्या हिशोबावर. जाफेवर रागावताना, हाच माणूस पुढे आपल्या मतांसाठी पोटाला चिमटा काढून राहिला हे मला विसरता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्याच्या कोड्यात मी दोन्ही घालतो.

आता वेळ तुमचा. जाता जाता एक घ्या, उत्तर चहाच्या वेळी सांगा. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातली बाई. पहिला चित्रपट १९३१ साली, चाळिशी ओलांडल्यावर. लग्न केलं नाही, मूल नाही. आणि एकाच प्रख्यात नटाची आई ती पडद्यावर पाच वेळा झाली.