नाव न घेता दाखवलेलं: हेज संहिता आणि हॉलिवूडची क्वीअर पात्रं

अमेरिकी सिनेमावरचा क्वीअर, म्हणजे समलिंगी आणि रूढ चौकटीबाहेरच्या लैंगिकतेच्या माणसांचा, प्रभाव म्हटलं की अलीकडचे चित्रपट डोळ्यांपुढे येतात. मी मात्र बंदीच्या काळापासून सुरुवात करणार आहे, कारण मुख्य प्रवाहात आजही वापरात असलेल्या कितीतरी खुणा तेव्हाच घडल्या.

हेज संहिता म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही, याची हॉलिवूडच्या स्टुडिओंची नियमावली. ती लिहिली गेली १९३० साली, पण ती कडकपणे लागू झाली जुलै १९३४ मध्ये, जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयामार्फत. ‘लैंगिक विकृती’ आणि तिचं नुसतं सूचनही वर्ज्य. समलिंगी प्रेम त्यातच धरलं जाई. पटकथा आधी ब्रीनकडे जायची, आक्षेपांचं पत्र यायचं, दुरुस्त्या व्हायच्या, शेवटी तयार चित्रपट पाहून शिक्का मिळायचा. शिक्क्याविना चित्रपट दाखवला तर पंचवीस हजार डॉलर दंड. शिवाय मोक्याची चित्रपटगृहं स्टुडिओंच्याच मालकीची, म्हणजे दुसरी वाटच नाही.

पण संवाद खोडता येतो. हात कशावर किती रेंगाळला, हे पटकथेत दिसत नाही. म्हणून मग अर्थ वस्तूंमध्ये शिरला. १९४१ च्या ‘द माल्टीज फाल्कन’मध्ये जोएल कैरो पडद्यावर येण्याआधी त्याचं कार्ड येतं, आणि त्याला गार्डेनियाचा वास असतो. पुढे कैरो झालेला पीटर लोरी काठीची मूठ ओठांपाशी नेत बोलतो. त्याच्याबद्दल एक शब्दही सांगितला जात नाही, तरी ज्याला कळायचं त्याला कळतं.

याहून सरस उदाहरण १९४० च्या ‘रेबेका’चं. घराची कारभारीण मिसेस डॅनव्हर्स आणि तिची मृत मालकीण रेबेका यांच्या नात्यावर ब्रीननी आक्षेप घेतला होता. हिचकॉकने काय केलं, ते नीट पाहा. डॅनव्हर्स नव्या मालकिणीला रेबेकाची खोली दाखवते. फरच्या कोटाची बाही आपल्या गालावरून फिरवते, मग तिच्याही. अंतर्वस्त्रं मठातल्या जोगिणींनी शिवल्याचं सांगते. शेवटी झिरझिरीत रात्रवस्त्राखाली हात घालून तो आरपार कसा दिसतो, ते दाखवते. बोलणं सगळं कपड्यांचं! एखादी मोलकरीण मालकिणीचे कपडे जपते, यात खोडायचं काय?

या युक्तीची किंमत जबर होती, आणि तिचा मला राग येतो. संहितेला पाप्याला शासन हवं असायचं, म्हणून अशी पात्रं खलनायक किंवा मरणारी ठरली. डॅनव्हर्स आगीत जाते. लिलियन हेलमन यांच्या नाटकात दोन शिक्षिकांवर समलिंगी संबंधांचा आळ येतो. त्यावरच्या १९३६ च्या चित्रपटात विल्यम वायलर यांना तो साधा स्त्री-पुरुष प्रेमत्रिकोण करावा लागला, नाटकाचं नावसुद्धा वापरता आलं नाही. ऑक्टोबर १९६१ मध्ये संहिता सैल झाली आणि वायलरनीच पुन्हा केलेला तो चित्रपट त्याच वर्षी पडद्यावर आला, या वेळी मूळ आळासकट. तरी त्यातली मार्था गळफास घेतेच.

हा खलनायकी साचा क्वीअर कलावंतांनीच पुढे स्वतःच्या हातात घेतला. १९८९ च्या ‘द लिटल मर्मेड’ या डिस्नेच्या अ‍ॅनिमेशनपटातली खलनायिका अर्सुला हिच्या भुवया, पापण्यांवरचा रंग, देहाचा डौल ड्रॅग कलाकार (भडक स्त्रीवेशात रंगमंचावर येणारा) डिव्हाइनवरून घेतलेला आहे. गीतकार आणि सहनिर्माता हॉवर्ड अ‍ॅशमन स्वतः समलिंगी होते. अर्सुलाचं गाणं त्यांनी तिला आवाज देणाऱ्या पॅट कॅरोल यांना स्वतः गाऊन दाखवलं आणि त्यांच्या कित्येक लकबी कॅरोलनी तशाच उचलल्या. अर्सुलाही शेवटी मरते, पण तोवर पडदा तिचाच असतो.