पंचेचाळिशीचं कार्ड

नमस्कार श्रोतेहो. मी ठाण्याला, कोपरीत राहते. वीस-बावीस वर्षं ठाण्याहून बेलापूरला लोकलने नोकरीला जात होते. आजचा विषय आपण घरात दबक्या आवाजात काढतो, तोही फक्त बायकाबायकांत. पाळी जाण्याचा. पुरुष मंडळी ऐकत असतील तर त्यांनी उठून जाऊ नये, ही विनंती.

मी ४६ वर्षांची होते. डिसेंबरातली सकाळ, लेडीज डब्यात खिडकीपाशी बसलेली. ऐरोली सुटलं आणि छातीपासून कानशिलांपर्यंत एकदम वाफ उसळली. ब्लाउज घामाने ओलाचिंब, आणि दोन मिनिटांत थंडी वाजायला लागली. समोरच्या बाईंनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. पुढे रात्री तीनला जाग येऊ लागली, छातीत धडधडायचं, भाजी चिरताना डोळे भरून यायचे. चार डॉक्टर झाले. ईसीजी काढला, थायरॉइड तपासलं. ते करायलाच हवं होतं. पण सगळं नॉर्मल आल्यावर एकांनी झोपेची गोळी दिली, दुसऱ्यांनी ‘वय झालं, होणारच’ म्हणून फाइल मिटली. ‘तुमची पाळी कशी आहे?’ हे विचारलं पाचव्या डॉक्टरांनी. तोवर दीड वर्ष गेलं होतं.

ते दीड वर्ष मी अंगावर काढलं. आपल्या आया, सासवा, सगळ्यांनी काढलं.

सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. आपल्याकडे हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होतं, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. पण त्रास त्याआधीच काही वर्षं सुरू होतो, पाळी अजून येत असताना. म्हणून तर तो कुणाच्या लक्षात येत नाही. इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, कमी-जास्त होतं, मेंदूतली तापमान सांभाळणारी यंत्रणा हळवी होते, आणि जराशा उष्णतेनेही ती घाम सोडते. हे मनाचे खेळ नाहीत. पंचेचाळिशीनंतर बहुतेकींना हे ओळखायला महागड्या हार्मोन चाचण्याही लागत नाहीत. बाईला बसवून दहा मिनिटं नीट विचारावं लागतं. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर मात्र तपासण्या हव्यातच. आणि गेलेली पाळी वर्षभराने परत आल्यासारखा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

उपचार आहेत. संप्रेरकांच्या गोळ्या, जेल, त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या आहेत. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरकही द्यावं लागतं. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर या औषधांची धास्ती बसली, ती अजून उतरलेली नाही. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं, तर बहुतेक निरोगी बायकांना तोट्यापेक्षा फायदा जास्त, असं आज तज्ज्ञ सांगतात. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, यकृताचा आजार झालेल्यांनी मात्र ही औषधं परस्पर घेऊ नयेत. त्यांच्यासाठी संप्रेरकांशिवायची औषधं आहेत. लघवीच्या जागेची जळजळ, कोरडेपणा यावर साधं क्रीम असतं. कितीतरी जणी नवऱ्यालाही न सांगता हे वर्षानुवर्षं सोसतात, याचं मला फार वाईट वाटतं. हाडांचं नुकसान तर आवाजही करत नाही. पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत ती झपाट्याने ठिसूळ होतात, आणि कळतं ते बाथरूममध्ये पाय घसरून मनगट मोडल्यावर.

आता माझं मागणं. बाई गरोदर राहिली की तिचं कार्ड निघतं. बाळाच्या लसीचं कार्ड असतं, तारीख चुकली तर आशाताई दारात येतात. पंचेचाळिशीच्या बाईचं कार्ड कुठे आहे? तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी आशाताई घरोघरी एक फॉर्म भरतात, साखर, रक्तदाब, कर्करोग यांच्या तपासणीसाठी. पाळी गेल्यावर रक्तस्राव होतो का, हा प्रश्न त्यात आहे. गरम वाफा येतात का, त्याने झोप मोडते का, हे त्यात नाही. तेवढे दोन प्रश्न घाला. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांत लसीकरणाचा वार ठरलेला असतो, तसा आठवड्यातला एक दुपारचा वेळ या बायकांसाठी ठेवा. दुपारचा अशासाठी, की घरकाम करणाऱ्या बायका सकाळी येऊ शकत नाहीत. तिथल्या डॉक्टरांना आणि नर्सताईंना या विषयाचं प्रशिक्षण द्या. नवी इमारत लागत नाही, नवं यंत्र लागत नाही.

मागच्या महिन्यात आशाताई आमच्या मजल्यावर आल्या होत्या. फॉर्म भरून झाल्यावर मी त्यांना माझ्या वाफांचं, झोपेचं सगळं सांगितलं. त्यांनी ते फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं. मग पेन तसंच हातात धरून थांबल्या. म्हणाल्या, ‘ताई, त्या पाचव्या डॉक्टर कुठे बसतात?’