ट्यूब बदलण्याआधी

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'ट्यूब डॅकची निगा आणि बारीक जुळवणी' असं छापलंय. विषय सोडणार नाही, शब्द देतो. पण आधी एक तक्रार आहे. ती मांडल्याशिवाय मला पुढचं काही सुचत नाही, हे पुढच्या दोन रांगांना चांगलं ठाऊक आहे. (हशा)

डॅक म्हणजे फाइल किंवा सीडीवरच्या आकड्यांचा विद्युत सिग्नल करणारं यंत्र. ट्यूब डॅक म्हटलं की बहुतेकांचा समज असा, की ती काचेची नळी लालसर चमकते म्हणजे तीच आकड्यांचं गाणं करते. नाही हो! आकड्यांचा विद्युतप्रवाह करते ती शेजारी निमूट बसलेली काळी चिप. तिचा फोटो जाहिरातीत कधी येत नाही. ट्यूब तिच्या पुढच्या टप्प्यावर असते. तयार झालेला नाजूक सिग्नल उचलायचा, थोडा मोठा करायचा किंवा नुसता दमदार करून अ‍ॅम्प्लिफायरच्या हवाली करायचा, हे तिचं काम. फ्लेमिंगचा डायोड 1904 सालचा, डी फॉरेस्टनं त्यात ग्रिडची, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या जाळीची, भर घातली 1906 साली, आणि सीडी बाजारात आली 1982 साली. सीडीवरचा सेकंदाला 44,100 नमुने हा हिशोब त्या दोघांच्या स्वप्नातही नव्हता. त्यांच्यावर त्याची जबाबदारी टाकू नका.

आता खरी तक्रार. एकांनी माझ्याकडे डॅक आणला, 'आवाजात ती ऊब नाही' म्हणून. झाकण काढलं. दोन ट्यूब, छान तेजाळलेल्या. जरा जास्तच छान. वाकून पाहिलं, तर प्रत्येक सॉकेटच्या मधल्या भोकातून नारिंगी एलईडी वर डोकावतोय! (हशा) हीटर, म्हणजे ट्यूब तापवणारी तार, चालू होता, पण त्याचा उजेड पडला बेताचा, म्हणून खालून रोषणाई. मग प्लेटवर, म्हणजे ट्यूबमधल्या धन टोकावर, मीटर लावला. 24 व्होल्ट. ट्यूब होती 12एयू7. तिच्या माहितीपत्रकात प्लेटचे व्होल्टेज 100 आणि 250 असे दिलेले असतात. 24 व्होल्टवरही ती चालते, नाही असं नाही, पण धड वाढवतही नाही आणि धड गप्पही बसत नाही. बनवणाऱ्या कंपनीचं नाव मी घेणार नाही. कारण असा उद्योग करणारी ती एकटी नाही.

याचा अर्थ डॅकमध्ये ट्यूबला काम नाही असा काढू नका. फिलिप्सची टीडीए1541ए ही जुनी चिप घ्या. ती व्होल्टेज देत नाही, करंट देते, सिग्नल पूर्ण असताना 4 मिलीअँपिअर. आणि तिच्या आउटपुटच्या पिनवर 25 मिलीव्होल्टपेक्षा जास्त व्होल्टेज साठलेलं तिला खपत नाही. म्हणजे साध्या रेझिस्टरवर करंटचं व्होल्टेज करायचं तर रेझिस्टर अगदी लहान हवा, आणि हाती येणारा सिग्नल चिमूटभर. तो घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला लागणाऱ्या 2 व्होल्टपर्यंत न्यायचा तर कुणीतरी राबायला हवं. तिथं ट्यूब मानानं उभी राहते. आजच्या बहुतेक डॅकमध्ये मात्र ऑप-अँपनं, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या तयार चिपनं, सगळं उरकलेलं असतं आणि ट्यूब शेवटी बफर म्हणून, म्हणजे न वाढवता नुसता दमदार करायला. तुमचा कुठल्या जातीचा, हे माहीत नसताना ट्यूबांवर खर्च करू नका. सर्किटचा नकाशा मिळवा. मिळाला नाही तर जाणकाराला झाकण उघडून दाखवा.

आता तो किस्सा. आमचे एक स्नेही आहेत. नाव सांगत नाही, ते सभागृहातच आहेत. (हशा) त्यांच्या डॅकमध्ये ईसीसी82 होती, म्हणजे तीच ती 12एयू7. वर्षानुवर्षं चाललेली. त्यांनी जुन्या साठ्यातली, न वापरलेली, नामांकित युरोपियन छापाची एक मिळवली आणि आम्हा पाच-सहा जणांना ऐकायला बोलावलं. आधी जुनी लावली. लोक म्हणाले, 'बरं आहे.' मग नवी लावली. तंबोऱ्याची जोडी सुरू झाली आणि बैठक एकदम सरसावून बसली. एक म्हणाला, 'पडदा उठला!' दुसरा म्हणाला, 'जवारी वेगळी ऐकू येतेय.' तिसरा काही बोललाच नाही, नुसता डोळे मिटून डोलत राहिला. तो सगळ्यात धोकादायक.

मी विचारलं, 'मल्टिमीटर आहे का घरात?'

स्नेही दुखावले. 'अहो, मीटरनं गाणं ऐकतात होय?'

'गाणं नाही ऐकायचं. एकच सूर मोजायचा.'

मीटर निघाला. 200 हर्ट्झचा स्थिर सूर लावला. 200 का? कारण साधे मीटर वीजपुरवठ्याच्या आसपासच्या वारंवारितेला खरं बोलतात, पाच-दहा हजार हर्ट्झला वाटेल ते सांगतात. डॅकच्या आउटपुटला मीटर एसीवर लावला. नवी ट्यूब: 1.67 व्होल्ट. थंड करून जुनी पुन्हा लावली, तापू दिली: 1.52. फरक जवळपास 0.8 डेसिबल. जुनी बिचारी झिजली होती, वाढवण्याची ताकद कमी झाली होती, एवढंच.

आता यातली मेख ऐका. 0.8 डेसिबलचा फरक आपल्याला 'मोठा आवाज' म्हणून कळत नाही. तो कळतो 'मोकळा', 'जवळचा', 'तपशीलवार' म्हणून. पडदा उठला तो असा. मग मी प्लेअरच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या ट्यूबसाठी आवाज 0.8 डेसिबलनं उतरवला, सगळ्यांना पाठ फिरवून बसवलं, आणि कुठली ट्यूब लावलीय ते सांगितलं नाही. ट्यूब बदलून तापेपर्यंत चार-पाच मिनिटं जातात आणि कानाची आठवण तेवढी टिकत नाही, हे मलाही मान्य आहे. ही काही प्रयोगशाळा नव्हती. पण बैठकीची एकवाक्यता मोडली ती मोडलीच. निम्मे इकडे, निम्मे तिकडे, आणि डोलणारा दोन्हींना डोलला. (हशा)

फक्त एक गृहस्थ असे निघाले, की पातळी सारखी केल्यावर दर वेळी त्यांनी झिजलेली ट्यूबच निवडली. मला कुतूहल वाटलं. दुसऱ्या दिवशी साउंडकार्डवर मोजलं तर जुन्या ट्यूबमध्ये दुसरा हार्मोनिक चांगलाच जास्त. 200 हर्ट्झचा सूर दिला तर सोबत 400 हर्ट्झची पुसटशी सावली. वरचा षड्जच तो, त्यामुळे बेसूर वाटत नाही, भरीव वाटतो. त्यांना ते आवडतं. आवडू दे की! स्वतःच्या पैशानं स्वतःच्या खोलीत विकृती, म्हणजे मूळ सुरात ट्यूबनं घातलेली भर, ऐकण्याचा हक्क मी कुणाचा काढून घेत नाही. फक्त तिला 'मूळ ध्वनीमुद्रणाच्या जवळ' म्हणू नका. ती जवळ नाही, गोड आहे.

छापाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. अंगठ्यानं छाप पुसला जातो म्हणून ट्यूब खोटी, असं बरेच जण मानतात. उलट कित्येक अस्सल जुन्या ट्यूबांचा छाप बोट लागताच जातो, म्हणून ट्यूब धरताना वरच्या टोकाला धरा. शिवाय एका कारखान्याची ट्यूब दुसऱ्याच्या नावानं विकणं हा त्या काळी राजरोस व्यवहार होता. रंगवलेलं वाचू नका, काचेतलं वाचा. टेलिफुंकेनच्या अस्सल ट्यूबच्या बुडाला, पिनांच्या मधोमध काचेतच उठलेला शंकरपाळ्याच्या आकाराचा चौकोन असतो. मलार्डच्या काचेवर बुडाजवळ कोरल्यासारखी फिकट अक्षरं असतात, उजेडात तिरपी धरली तर दिसतात. आणि अशा बहुतेक ट्यूबांच्या डोक्याशी आतून जो चंदेरी लेप असतो, तो म्हणजे गेटर, आत राहिलेला वायू शोषून घेणारा बेरियमचा थर. तो चंदेरी किंवा करडा असेल तर ठीक. दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरलीय, ट्यूब मेली. मग छाप कुणाचाही असो.

(चिठ्ठी येते.) दहा मिनिटं उरली म्हणतात. अरेच्चा. आणि जुळवणीला अजून हात लागला नाही. ठीक आहे, झरझर जाऊ या. लिहून घेणाऱ्यांनी घ्या.

जुळवणीची सुरुवात ट्यूबपासून करायची नाही, हेच मला आज सांगायचं होतं. ज्या गुणदोषांचं श्रेय ट्यूबला जातं, त्यातले निम्मे दुसऱ्याच कुणाचे असतात. पहिला संशयित, डॅकमधला डिजिटल फिल्टर. ओव्हरसँपलिंग, म्हणजे मधले नमुने गणितानं भरणं, न करणारे काही ट्यूब डॅक मिळतात. त्यात पुढे भरपाई केलेली नसेल तर 44.1 किलोहर्ट्झच्या फाइलवर 20 किलोहर्ट्झला आवाज सुमारे 3 डेसिबल खाली जातो. लोक म्हणतात, काय ट्यूबचा मऊपणा! तो मऊपणा गणिताचा आहे, ट्यूब काढून ट्रान्झिस्टर बसवलात तरी राहणार.

दुसरा संशयित, आउटपुटचा कपॅसिटर आणि समोरचा अ‍ॅम्प्लिफायर. कपॅसिटर 0.47 मायक्रोफॅरड आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटचा इंपिडन्स, म्हणजे अडथळा, 10 किलोओहम, तर 34 हर्ट्झपासूनच खालचा खर्ज गळायला लागतो. तोच कपॅसिटर 100 किलोओहमच्या इनपुटला 3.4 हर्ट्झपर्यंत उतरतो, तिथं काही तक्रार नाही. म्हणजे डॅक तोच, ट्यूब तीच, आणि एका घरात खर्ज आहे, दुसऱ्या घरात नाही! आधी अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात इनपुट इंपिडन्स बघा. 10 किलोओहम असेल तर 2.2 मायक्रोफॅरडचा चांगला फिल्म कपॅसिटर बसवा, 7 हर्ट्झवर येईल. चालू करताना स्पीकरमध्ये धप्प होईल, म्हणून डॅक आधी, अ‍ॅम्प्लिफायर नंतर. बंद करताना उलट.

याच्याच जोडीला आउटपुट इंपिडन्स. कॅथोड फॉलोअर असेल, म्हणजे आउटपुट कॅथोडवरून, इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावरून, काढलेलं असेल, तर 12एयू7 साधारण साडेचारशे ओहमला बोलते, ईसीसी88 शंभरच्या आत. दोन्ही उत्तम. पण प्लेटवरून थेट आउटपुट काढलं असेल तर पाच-सहा किलोओहम सहज. त्याला 10 किलोओहमचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला की एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त सिग्नल तिथंच जिरतो आणि विकृती वाढते. तिथं ट्यूब बदलून काही होत नाही, बफर लागतो.

तिसरं, वीजपुरवठा. हीटरचं व्होल्टेज ठरलेल्या आकड्याच्या, 6.3 किंवा 12.6 च्या, पाच टक्क्यांच्या आत ठेवा. कमी पडलं तर कॅथोड उपाशी, जास्त झालं तर आयुष्य घटतं. बारीक गुणगुण येत असेल तर हीटर डीसीवर आहे का ते तपासा. आणि बायस, म्हणजे गाणं नसतानाही ट्यूबमधून वाहणारा करंट: कॅथोडच्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा, रेझिस्टरनं भागा, करंट मिळाला. 1 किलोओहमवर 5 व्होल्ट म्हणजे 5 मिलीअँपिअर. दोन्ही चॅनेलचे आकडे जवळपास सारखे हवेत. गायक मधून सरकून एका बाजूला गेला असेल तर दोन ट्यूबांची अदलाबदल करा. गायक ट्यूबसोबत गेला तर दोष ट्यूबचा, जागेवर राहिला तर सर्किटचा.

हे मोजताना एक हात खिशात ठेवा. विनोद नाही हा. आत दीडशे-दोनशे व्होल्ट डीसी असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये दबा धरून बसतात. मीटरनं शून्याजवळ आल्याची खात्री होईपर्यंत आत बोट नाही. ज्याला हे नवं आहे त्यानं झाकण उघडूच नये.

आणि मग, सगळ्यात शेवटी, ट्यूब. पेन्सिलीच्या रबराकडच्या टोकानं हळूच टिचकी मारा, स्पीकर खालच्या आवाजात ठेवून. घंटेसारखा नाद आला तर तिच्यातली ग्रिड थरथरतेय, ती दुसरीकडे वापरा. बदलताना नऊ पिना जुळल्या म्हणजे जात जुळली असं नाही. 12एयू7ला चार आणि पाच या पिनांमध्ये 12.6 व्होल्ट लागतात, 6डीजे8ला, म्हणजे ईसीसी88ला, त्याच पिनांमध्ये 6.3. 12.6च्या सॉकेटमध्ये 6डीजे8 घातलीत तर ती तुम्हाला एकदाच, खूप प्रखर प्रकाश देईल. (हशा) 6डीजे8च्या जागी रशियन 6एन1पी घालणाऱ्यांनो, तिचा हीटर 600 मिलीअँपिअर ओढतो, मूळची 365. ट्रान्सफॉर्मरला हात लावून बघा, किती तापलाय ते.

हां, आणखी एक चिठ्ठी. 'ट्यूब किती टिकते आणि डॅक सतत चालू ठेवावा का?' साध्या छोट्या ट्यूब काही हजार तास जातात. ई88सीसीसारख्या खास बनावटीच्या 10,000 तासांच्या बोलीवर बनवलेल्या होत्या. सतत चालू ठेवू नका. ऐकण्याआधी वीस-तीस मिनिटं लावा, ऐकून झालं की बंद करा. पातळी जुळवण्याचा तो 200 हर्ट्झचा सूर हवा असेल त्यांनी बाहेर भेटा, फाइल देतो. मीटर आपापला आणा.