बेथ श्रीव्हरचे 44 सेकंद

नमस्कार मंडळी. माझ्या शेजारची ही सायकल बघून पहिल्या रांगेतल्या आजोबांनी मघाशी विचारलं, ‘नातवाची का हो?’ नाही आजोबा, मोठ्यांचीच आहे. बीएमएक्सची, म्हणजे उंचवट्यांच्या आणि वळणांच्या छोट्या ट्रॅकवरच्या शर्यतीची सायकल एवढीच असते. 20 इंची चाकं, गिअर एकच, ब्रेक फक्त मागच्या चाकाला. सीट इतकी खाली की शर्यतीत कुणी टेकतच नाही. आठ मीटर उंचीवरून आठजणी एकदम खाली सुटतात. सुटण्याआधी पुढचं चाक समोरच्या फाटकाला, म्हणजे गेटला टेकलेलं आणि दोन्ही पाय पॅडलवर, जमिनीवर नाहीत. सूचना संपल्यावर गेट कधी पडेल ते मुद्दाम अनिश्चित ठेवतात, कारण अंदाजाने कुणी आधी निघू नये. पहिल्या वळणावर सगळ्यांना एकच वाट हवी असते. तिथे कोपराला कोपर लागलं की संपलं.

विषय दिलाय ‘बीएमएक्समधल्या खेळाडूची कारकीर्द मोजायची कशी’. तिकडे येतोच, पण आधी इंग्लंडमधल्या एसेक्सच्या बेथ श्रीव्हरची गोष्ट सांगतो. ती मी जाईन तिथे सांगतो.

2017 मध्ये ती ज्युनिअर जगज्जेती झाली. पण रिओ ऑलिंपिकनंतर यूके स्पोर्टने, म्हणजे ब्रिटनमध्ये खेळांना सरकारी पैसा वाटणाऱ्या संस्थेने ठरवलं होतं की बीएमएक्समध्ये पैसा फक्त पुरुषांना द्यायचा. महिलांना काही नाही! जगज्जेती मुलगी दारात उभी आहे आणि दार लावून घेतलंय. मला याचा आजही संताप येतो. ती काय करते? शाळेत लहान मुलांना सांभाळण्याची अर्धवेळ नोकरी धरते आणि उरलेल्या वेळात सराव करते. टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळवायची तर देशोदेशी जाऊन शर्यती खेळाव्या लागतात, प्रवासाचा खर्च अफाट. शेवटी तिने लोकांकडे 50,000 पौंडांसाठी हात पसरले. आपल्याकडे गणपतीची वर्गणी काढतात तशी ही ऑलिंपिकची वर्गणी! लोकांनी दिली. पुढे ब्रिटिश सायकलिंग या तिथल्या सायकल संघटनेनेही तिला पुन्हा जवळ केलं.

मग 30 जुलै 2021, टोकियोची फायनल. समोर कोलंबियाची मारियाना पाहोन, लंडन आणि रिओ या दोन्ही ऑलिंपिकची सुवर्णविजेती. बेथ शेवटपर्यंत पुढे राहिली, पाहोन मागून चढत आली. 44.358 सेकंद, आणि दोघींत फरक 0.09. बेथ जमिनीवर आडवी झाली, पायांत गोळे आलेले, उठवेना. थोड्याच वेळापूर्वी पुरुषांच्या शर्यतीत रौप्य जिंकलेला काय व्हाइट हा तिचा सहकारी तिथेच थांबला होता. त्याने तिला सरळ उचलून घेतलं. हे दृश्य ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी आज घरी जाऊन जरूर बघा.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं राहिली. बरं, मुद्दा सांगतो.

पॅरिस 2024. बेथने फायनलपर्यंतची प्रत्येक शर्यत जिंकली. आणि फायनलमध्ये आठवी आली! सुवर्ण मिळालं ऑस्ट्रेलियाच्या साया साकाकिबाराला. हीच साया टोकियोच्या सेमीफायनलमध्ये पडली होती. त्याच्या आदल्या वर्षी तिचा भाऊ शर्यतीत पडून त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली होती. असंच 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ब्रिटनची शानेझ रीड सुवर्णाची दावेदार होती. फायनलच्या शेवटच्या वळणावर पुढे जायला गेली आणि पडली.

म्हणून माझं म्हणणं असं की, जिथे एका धक्क्यात सगळं फिरतं तिथे ‘पदक आणशील का’ एवढंच विचारून पैसा वाटणं चूक आहे. शर्यती किती खेळली, फायनलपर्यंत किती वेळा पोचली, हाड मोडल्यावर परत आली का, हे मोजा. पाहोनच्या गुडघ्याला 2018 मध्ये मोठी दुखापत झाली. त्यानंतरचं टोकियोचं रौप्य मला तिच्या आधीच्या दोन सुवर्णांइतकंच मोठं वाटतं. आणि मुलींना पैसा पदकाआधी लागतो, नंतर नव्हे.

दुसरी चिठ्ठी आली. थांबतो. सायकल इथेच आहे, वर येऊन हात लावून बघा. दोन्ही पाय पॅडलवर ठेवून उभं राहायचं असेल तर मी हँडल धरतो.