गोकाकला जाऊया: घटप्रभा, झुलता पूल आणि पंचमीचे लाडू

नमस्कार मंडळी. आज आपल्याला जायचंय बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकला. आता बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी कुठल्याही घरात विचारा, गोकाक बघितलंय का, तर सगळे म्हणणार बघितलंय की, शाळेच्या सहलीत गेलोतो, धबधबा बघितला, करदंट, म्हणजे तिथली डिंकाची मिठाई, घेतलं, संध्याकाळी घरी. एवढ्यातच गोकाक संपतं आपल्याकडं. मागं एवढं मोठं गाव आहे, डोंगराच्या पायाशी, दोन नद्यांच्या कुशीत, ते राहूनच जातं. तर आज जरा ते बघूया.

आधी नदीचं सांगतो, कारण नदी कळली की गोकाक कळतं. नदी घटप्रभा. सह्याद्रीत उगम, चंदगडच्या बाजूनं खाली येते आणि पूर्वेला वाहते, लक्षात ठेवा, पूर्वेला, डोंगर सोडून पठाराकडं. वाटेत तिला ताम्रपर्णी मिळते. आंबोलीहून निघालेली हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत येते, तीही हिलाच मिळते. हिडकलला हिच्यावरच धरण आहे. आणि आपली मार्कंडेय, कंग्राळीची मार्कंडेय हो, जिच्या काठचा भाजीपाला आपण रोज खातो, ती पण शेवटी गोकाकजवळ घटप्रभेतच जाते. म्हणजे बघा, आंबोलीत पडलेला पाऊस आणि कंग्राळीत पडलेला पाऊस, दोन्ही गोकाकच्याच दारात. तिथनं पुढं बागलकोटकडं आणि मग कृष्णेत. परत सांगतो, घटप्रभा, हिरण्यकेशी, ताम्रपर्णी, मार्कंडेय, ह्या सगळ्यांचं पाणी त्या एका तालुक्यातनं पुढं जातं.

आता धबधबा. नदी सपाट खडकावरनं येते आणि एकदम ५२ मीटर, म्हणजे जवळजवळ १७० फूट खाली. कडा घोड्याच्या नालेच्या आकाराचा, पूर असला की पाण्याची रुंदी १७७ मीटरपर्यंत जाते. आणि दगड बघा तिथला, आपल्याकडं बेळगावात काळा कातळ नाहीतर तांबडा जांभा, तिथं तसं नाही, तिथं वाळूचा थरावर थर बसून घट्ट झालेला जुना दगड आहे, कलादगीच्या भागातला, थर अगदी वेगवेगळे दिसतात, म्हणून तो कडा असा सरळ कापल्यागत उभा आहे. पाणी मात्र शुभ्र बिभ्र नसतं हं पावसाळ्यात, तांबडं असतं, मातीचं. लोक त्याला छोटा नायगारा म्हणतात, मला ते कधीच आवडलं नाही, आपली नदी, आपला कडा, आपली माती, त्याला दुसऱ्या कुणाच्या नावानं कशाला ओळखायचं?

ह्याच पाण्याच्या जोरावर १८८७ साली तिथं सूतगिरणी चालू झाली. पाणी वरनं मोठ्या नळातनं खाली सोडायचं, खाली टर्बाइन फिरवायचं आणि त्याच्या ताकदीवर चात्या फिरवायच्या. पूर्वेकडच्या काळ्या जमिनीतला कापूस जवळ, नदी दारात, त्यामुळं जागा कुणी निवडली असेल त्यानं फार विचार करून निवडली. गिरणीमुळं वसाहत झाली, शाळा झाली, बाजार झाला, मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू बोलणारी माणसं एका भोंग्यावर उठायला लागली. आणि धबधब्याच्या जरा वरच्या अंगाला नदीवर झुलता पूल, २०१ मीटर लांब, खालच्या खडकापासून १४ मीटर उंच. २०१ मीटर म्हणजे चांगले साडेसहाशे फूट, आणि सगळा तारांवर लटकलेला.

आता पुलाचं नाव निघालं की मला माझ्या आज्जीचं सांगितल्याशिवाय पुढं जाताच येत नाही, तेव्हा ते ऐकाच.

माझी एक आत्या गोकाक फॉल्सला दिलेली. तिचा नवरा, म्हणजे आमचे मामा, गिरणीत सूत खात्यात. आणि आपल्याकडं नागपंचमीला लेकीला माहेरी आणायचं म्हणजे आणायचंच, पाऊस असो, पूर असो, नाही आणलं तर गल्लीत बोलतात. दरवर्षी काका जायचे आणायला. त्या वर्षी आत्याला पहिली मुलगी झालेली, तर आज्जी हटून बसली, मीच जाणार, नातीला मी घेऊन येणार. मग वडील, आज्जी आणि शेपटासारखा मी. आज्जीच्या मांडीवर पितळी डबा, त्यात पंचमीचे लाडू, शेंगदाण्याचे, तिळाचे, पुटाण्याचे, तंबीट, सगळे तिनं स्वतः वळलेले, विहीणबाईंसाठी. डबा धोतराच्या फडक्यात बांधलेला आणि कुणाला हात लावू देईल तर शप्पथ. गाडीत बाकावर जागा असून डबा मांडीवरच. गोकाक रोडला उतरलो तरी वडिलांकडं दिला नाही.

पुलापाशी आलो. आवाज तर आधीपासूनच येत होता, पण पुलाच्या तोंडाशी आल्यावर बोललेलं ऐकूच येईना. खाली तांबडं पाणी नुसतं पळतंय आणि थोडं पुढं जाऊन एकदम नाहीसंच होतंय, कारण तिथनं कडाच आहे. आज्जीनं एक पाय फळीवर ठेवला, फळी हलली, पाय मागं. आणि सरळ बाजूच्या दगडावर बसली. म्हणाली, मी नाही येत, लेकीलाच हिकडं बोलवा. वडिलांनी समजावलं, हात धरला, ओढायला बघितलं. ती म्हणाली, देवाला ही नदी वलांडायला द्यायची असती तर त्यानं उतार दिला असता. आता ह्याच्यावर काय बोलणार? आमच्या गावची नदी तिनं जन्मभर गुडघाभर पाण्यातनं चालत पार केलेली.

तेवढ्यात शिफ्ट सुटली. पलीकडनं माणसं यायला लागली, छत्री बगलेत, जेवणाचा डबा हातात, गप्पा मारत, पूल हलतोय त्याचं कुणाला काही नाही. त्यातला एक म्हातारा कामगार थांबला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. म्हणाला, "एनागेतरी अज्जी?" म्हणजे काय झालं आज्जी? आज्जीला कन्नड येत नाही, त्याला मराठी येत नाही, वडिलांचं कन्नड बाजारापुरतं. पण आज्जीनं त्याला सगळं सांगितलं, मराठीत, लेक कुठं दिली, नात कधी झाली, जावई कुठल्या खात्यात, लाडू किती केले, आणि हा मेला पूल कसा हलतोय ते. तो मान हलवत नीट ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं काय करावं, खाली वाकला, आज्जीच्या मांडीवरचा डबा उचलला, टॉवेलवर, डोक्यावर ठेवला आणि पुलावरनं चालायला लागला.

"अहो! अहो, माझा डबा!" आज्जी उठलीच. तो मागं न बघता म्हणतोय, "बर्री अज्जी, नन्न हिंदं बर्री, केळगं नोडब्याडरी." म्हणजे या आज्जी, माझ्या मागं या, खाली बघू नका. आणि आज्जी पुलावर! एक हात तारेला, नजर त्या डब्यावर. खाली बघायला तिला सवडच नव्हती. पूल हलला की डबा हलायचा आणि डबा हलला की आज्जी ओरडायची, सरळ धरा, लाडू फुटतील, तिळाचे वर आहेत! तो कन्नडमधनं काहीतरी उत्तर देणार, बहुतेक त्याच्या घरच्या लाडवांचंच, कारण मधेमधे उंडी, उंडी, म्हणजे लाडू, असं ऐकू येत होतं, आणि आज्जी त्यालाही उत्तर देणार, हो हो, गूळ चिक्कीचा घ्यायचा. असं करत करत निम्मा पूल झाला. निम्म्यात तो थांबला, वळला आणि हात करून धबधब्याकडं दाखवलं. पाणी जिथं पडतं तिथनं तुषार वर येत होते, सगळं आभाळ ओलं झालेलं. आज्जीनं बघितलं. "अगं बाई गं," एवढंच म्हणाली, तारेवरचा हात सोडून कपाळाला लावला, आणि लगेच, "चला चला, डबा भिजेल."

पलीकडं पोचल्यावर तिनं आधी डबा ताब्यात घेतला, गाठ सोडली आणि मूठभर लाडू त्याच्या टॉवेलात घातले. तो नको नको म्हणतोय. आज्जी म्हणाली, माहेरचं आहे, नाही म्हणायचं नसतं. त्यानं एक लाडू डोळ्याला लावला, तिथंच उभ्यानं खाल्ला, बाकीचे बांधून घेतले आणि परत पुलावरनं गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, हा माणूस शिफ्ट संपवून घराकडं निघालेला, आठ तास उभं राहून, आणि आज्जीसाठी उलटा परत आला, एवढा पूल. नाव कुणी विचारलंच नाही. परत येताना आत्या काखेत पोर घेऊन झपाझपा पुढं, तिचा रोजचाच रस्ता, आणि आज्जी तिच्या मागनं आपली आपण, कुणाचा हात न धरता, आणि निम्म्यात थांबून मला हात करून दाखवतेय, बघ, बघ तिकडं, अगदी त्यानं दाखवलं तसं.

पुढं दरवर्षी काका आत्याला आणायला निघाले की आज्जी लाडवांची एक वेगळी पुडी द्यायची, डबा नेलेल्या त्या अण्णांसाठी. मामांना तो माणूस कधी ओळखता आला नाही, मग ते शिफ्ट सुटायच्या वेळी उभं राहून त्या वयाचा जो कामगार दिसेल त्याच्या हातात पुडी द्यायचे. आज्जी गेल्यावर माझ्या आईनं पुडी चालू ठेवली, मामा रिटायर होईपर्यंत.

पंचमीवरनं आठवलं, झोके कुठं गेले हो? आमच्या लहानपणी गावात शिरताना पहिल्या झाडापासनं झोके दिसायचे, बायका नऊवारी सावरत उंच उंच जायच्या. आता रस्ता रुंद करायचा म्हणून वाटेवरची चिंचेची, वडाची झाडं गेली, झोका बांधायचा कशाला, विजेच्या खांबाला? ज्यांच्या शेतात झाड शिल्लक आहे त्यांनी यंदा एक झोका बांधाच, गल्लीतल्या पोरींना बोलवा.

बरं, वेळ फार राहिला नाही, गावाकडं येतो. धबधब्यापाशी काठावर चालुक्यांच्या शेवटच्या काळातलं महालिंगेश्वराचं देऊळ आहे, सगळे त्याच्या अंगावरनं जातात धबधबा बघायला, तुम्ही आत जा, खांब बघा. खुद्द गोकाक शहर तिथनं पाच-सहा किलोमीटरवर. विजापूरकरांच्या अंमलात होतं, सावनूरच्या नवाबांकडं होतं, मग पटवर्धनांकडं आणि नंतर इंग्रजांकडं. एका बाजूला डोंगर, एका बाजूला नदी, आणि दोन्हीकडनं सोसलेलं गाव आहे ते. २०१९ च्या ऑगस्टात घटप्रभा आणि मार्कंडेय दोघी एकदम चढल्या, लोळसूरचा पूल पाण्याखाली, घरं, दुकानं, पेठ पाण्यात. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात डोंगरावरच्या भल्यामोठ्या शिळा सुटतात की काय म्हणून खालच्या वस्तीचा जीव टांगणीला, एनडीआरएफची, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या दलाची, माणसं आली. आणि आज पेठेत जा, दुकानं उघडी आहेत, करदंटाच्या परातींचा वास रस्त्यापर्यंत येतोय. मला त्या माणसांचं फार कौतुक वाटतं.

करदंट तुम्हाला माहीतच आहे, तुपात फुलवलेला डिंक, खोबरं, खारीक, काजू, बदाम, अंजीर आणि गूळ. गूळ हं, गूळ. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवाचंच घराणं, फक्त थापून वड्या पाडलेल्या. हल्ली साखरेचं पण मिळतं, घेऊ नका, गुळाचंच मागा, चावायला जरा दात लागतात पण तीच त्याची चव. बेळगावचा कुंदा लवकर संपवावा लागतो, करदंट पावसाळाभर डब्यात राहतं. आणि लाकडी फळं विचारा. आपल्या आजी-आजोबांच्या शोकेसमध्ये ते लाकडी आंबे, केळी, सीताफळ, वांगं असायचं ना, रंग असा की माशी फसावी, ते गोकाकचं काम, जिनगर कारागिरांच्या घराण्यांचं. करणारे थोडे राहिलेत. दुकानात नुसतं विचारलं तरी दुकानदाराला कळतं की गिऱ्हाईक आहे, म्हणून सांगतो, विचारा.

आता जायचं कधी? जुलै ते सप्टेंबर. उन्हाळ्यात कड्यावर पाणी जवळजवळ नसतं, उगाच पोरांना घेऊन जाल आणि नुसता दगड बघून याल. परत सांगतो, जुलै ते सप्टेंबर. कड्याच्या टोकाला ओल्या दगडावर मोबाईल घेऊन जायचं नाही, तिथं माणसं गेलीयत. पूल बंद ठेवलेला असला तर बंद, तिथल्या माणसाशी हुज्जत घालायची नाही. आणि गाडी असेल तर येताना गोडचिनमलकीला जा, मार्कंडेयेवरच धबधबा आहे, दोन टप्प्यांत पडतो, गर्दी कमी. हिवाळ्यात जाणार असाल तर धुपदाळच्या बंधाऱ्याकडं, घटप्रभेच्या पक्षी अभयारण्यात, तिथं करकोचे येतात लांबून, सकाळी लवकर जायचं, ऊन चढलं की ते शेतात पांगतात. गाडी नसेल तर बेळगावहून मिरजेकडची पॅसेंजर पकडा, गोकाक रोडला उतरा, सुळेभावी, पाच्छापूर करत जाते, खिडकीची जागा मिळाली तर बरं. सकाळची पकडा, म्हणजे अंधाराच्या आत घरी याल. येतो मंडळी, नमस्कार.