सव्वीस लाख डॉलरचा धाक

[पडद्यावर: अटलांटा शहर, जॉर्जिया राज्य, अमेरिका]

साथीचे रोग, लसी, दूषित पाणी. अटलांटातल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचं नाव आपण अशाच संदर्भात ऐकतो. पण 1992 साली इथे इजा आणि अपघात टाळण्यासाठी एक वेगळं केंद्र उभं राहिलं. बंदुकीने होणारे मृत्यूही रोगासारखेच अभ्यासायचे, असं तिथल्या लोकांनी ठरवलं. कोण मरतं, कुठे, कुणाच्या हातून आणि कशाने टळलं असतं?

आर्थर केलरमन हे इमर्जन्सी विभागात काम केलेले डॉक्टर. घरात बंदूक असली की घर सुरक्षित, हा अमेरिकेतला पक्का समज. तो त्यांनी पडताळून पाहिला. टेनेसी, वॉशिंग्टन आणि ओहायो राज्यांतल्या एकेका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ज्या घरांमध्ये खून झाले, त्यांची तुलना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वस्तीतल्या इतर घरांशी केली. 1993 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापून आला. बंदूक असलेल्या घरात खुनाचा धोका 2.7 पट होता, आणि मारणारा बहुतेकदा घरातला किंवा ओळखीचा होता. आदल्या वर्षी त्यांनीच आत्महत्यांचा अभ्यास केला होता. तिथे धोका जवळपास पाचपट निघाला.

नॅशनल रायफल असोसिएशन ही बंदूकधारकांची बलाढ्य संघटना खवळली. ज्याला आधीच जिवाची भीती असते तोच बंदूक विकत घेतो, मग दोष बंदुकीचा कसा, असा टीकाकारांचा सवाल होता. सवाल रास्त होता. पण त्याचं उत्तर शोधायला आणखी अभ्यास हवे होते, आणि नेमकी तीच वाट बंद झाली.

1996 साली अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, खर्चाच्या विधेयकात एक वाक्य घातलं. इजा टाळण्यासाठी सीडीसीला मिळणारा पैसा बंदूक-नियंत्रणाचा पुरस्कार किंवा प्रचार करण्यासाठी वापरता येणार नाही. संशोधन करू नका, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. मात्र सीडीसीच्या त्या इजा-प्रतिबंध केंद्राने आदल्या वर्षी बंदुकीच्या अभ्यासावर 26 लाख डॉलर खर्च केले होते, आणि काँग्रेसने नेमके तेवढेच पैसे काढून मेंदूच्या दुखापतींच्या कामाकडे वळवले. सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या कुणालाही हा इशारा समजावून सांगावा लागत नाही. पुढची वीस-बावीस वर्षं सीडीसीने या विषयाला जवळजवळ हात लावला नाही.

ते वाक्य ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते जे डिकी, आर्कान्साचे रिपब्लिकन खासदार आणि रायफल असोसिएशनचे काँग्रेसमधले खंदे शिलेदार. त्यांच्या समोरच्या बाजूला होते केंद्राचे प्रमुख डॉ. मार्क रोझेनबर्ग. एकमेकांचे कट्टर विरोधक. पण पुढे दोघांची ओळख वाढली आणि चक्क मैत्री झाली. जुलै 2012 मध्ये कोलोरॅडोतल्या ऑरोरा इथे चित्रपटगृहात गोळीबार झाला. त्यानंतर काही दिवसांतच दोघांनी मिळून ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लेख लिहिला. रस्ते सुरक्षेच्या संशोधनावर देश दर वर्षी कोट्यवधी डॉलर खर्च करतो, कुणाची गाडी जप्त न करता अपघाती मृत्यू कमी करतो; मग बंदुकीबाबत हे का नाही? राजकारणात एवढं उघडपणे मत बदलणारा माणूस विरळाच.

[पडद्यावर आकडे]

2021 साली अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसं मेली. त्यातल्या 26,328 आत्महत्या. बातम्यांत दिसतो तो शाळेतला, मॉलमधला गोळीबार. पण निम्म्याहून अधिक मृत्यू बंद दाराआड होतात, आणि तेच टाळण्याजोगे आहेत. आत्महत्येची ऊर्मी अनेकदा थोडा वेळच टिकते. प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. म्हणून त्या वेळेपुरतं घातक साधन हाताशी नसणं, याला फार मोल आहे.

न्यू हॅम्पशायर राज्यात 2009 साली आठवडाभराच्या आत तीन जणांनी एकाच दुकानातून बंदूक घेतली आणि काही तासांतच जीव दिला. तिघांची एकमेकांशी ओळखही नव्हती. दुकानदार हादरला. पुढे आरोग्य कार्यकर्ते आणि बंदूकविक्रेते एका टेबलाभोवती बसले, आणि खचलेलं गिऱ्हाईक कसं ओळखायचं, विक्री कधी टाळायची, याच्या सूचना तयार झाल्या. पत्रकं, भित्तिपत्रकं दुकानांत लागली. बंदुकीच्या विरोधात त्यात चकार शब्द नव्हता, म्हणूनच दुकानदारांनी ती लावली.

हे तत्त्व अमेरिकेपुरतं नाही. इस्रायलच्या सैन्याने सुट्टीवर जाताना शस्त्र तळावरच ठेवायला लावलं आणि सैनिकांच्या आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकं बाजारातून टप्प्याटप्प्याने हटवली; तिथलं आत्महत्येचं प्रमाण दोन दशकांत निम्म्याहून खाली आलं. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरात विषारी औषधाचा डबा कुठे असतो, हा प्रश्न याच जातकुळीतला.

[पडद्यावर: मन अस्वस्थ असेल तर बोला. टेली-मानस: 14416]

2018 साली रायफल असोसिएशनने ट्विट करून डॉक्टरांना सुनावलं, आपल्या कामापुरतं बघा. उत्तरादाखल शल्यचिकित्सकांनी रक्ताने माखलेल्या कपड्यांचे, ऑपरेशन थिएटरच्या फरशीचे फोटो टाकले. त्यानंतरच्या वर्षी, डिसेंबर 2019 मध्ये, काँग्रेसने बंदुकीच्या संशोधनासाठी अडीच कोटी डॉलर मंजूर केले. निम्मे सीडीसीला, निम्मे एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधनसंस्थेला. डिकी 2017 मध्येच वारले होते.

पैसा आला, पण संशोधक मोजकेच उरले होते. कॅलिफोर्नियातले डॉ. गॅरेन विंटमूट यांनी दहा लाखांहून अधिक डॉलर स्वतःच्या खिशातून घालून काम चालू ठेवलं होतं. प्रत्येकाला ते कसं जमणार? रँड या संस्थेने 2018 साली बंदूक-कायद्यांवरचे आजवरचे अभ्यास चाळले, तेव्हा बहुतेक प्रश्नांपुढे ‘पुरावा अपुरा’ असाच शेरा पडला. ज्या थोड्या ठिकाणी पुरावा भक्कम निघाला, त्यात एक कायदा होता मुलांच्या हाती बंदूक लागू नये म्हणून ती कुलपात ठेवायला लावणारा. त्याने मुलांच्या आत्महत्या घटतात आणि चुकून सुटलेल्या गोळीने होणाऱ्या इजाही. 2020 पासून अमेरिकेत 1 ते 19 वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे.