वेन मन्न, फुटबॉलवाला पैलवान

नमस्कार मंडळी! आज कुस्तीचा विषय, पण लाल मातीतला नाही, थेट अमेरिकेतला, १९२५ सालचा. तिकडे वेन मन्न नावाचा एक गडी होता, नेब्रास्का युनिव्हर्सिटीच्या टीमकडून फुटबॉल खेळलेला. फुटबॉल म्हणजे त्यांचा हो, लांबुळका बॉल बगलेत मारून धडका देत पळायचा तो. उंची साडेसहा फूट, वजन अडीचशे पौंडांच्या वर, आता असा माणूस दिसल्यावर कुस्तीचे प्रमोटर गप्प बसतील होय?

तेव्हा चॅम्पियन होता एड लुईस, त्याला स्ट्रँगलर म्हणायचे, डोकं असं आवळायचा की बास. पण तोच तोच माणूस जिंकतोय म्हटल्यावर पब्लिक कंटाळणारच, तिकिटं कोण घेणार? मग लुईस आणि त्याचा मॅनेजर बिली सँडो यांनी ठरवलं की चॅम्पियनचा पट्टा या नव्या गड्याला द्यायचा. ८ जानेवारी १९२५, कॅन्सस सिटी. मन्नने लुईसला उचलून चक्क रिंगच्या बाहेर फेकला आणि झाला की चॅम्पियन! नुरा कुस्ती होती, म्हणजे निकाल आधीच ठरलेला, पण पब्लिक खूश.

गोची एवढीच की मन्नला खरी कुस्ती येतच नव्हती. धडक मारता यायची, पण खालून पट निघाला, म्हणजे समोरच्यानं वाकून पाय धरले, की काय करायचं हे कोणी शिकवलंच नव्हतं. आता त्याची पत वाढवायला १५ एप्रिलला फिलाडेल्फियात समोर कोण आणला, तर पोलंडचा पैलवान झिबिस्को. हो हो, आपल्या गामा पैलवानाशी १९१० साली लंडनमध्ये लढलेला, अडीच तास मॅटला चिकटून बसलेला तोच. वय पंचेचाळीसच्या आसपास, म्हातारा झालाय, गुपचूप हरेल असा हिशोब. पण तो आतून विरोधी पार्टीला, म्हणजे ज्यो स्टेकर नावाच्या दुसऱ्या पैलवानाच्या गटाला, मिळालेला. बेल वाजली आणि झिबिस्को खरंखुरं लढायला लागला! मन्नला धरून आपटतोय, परत परत खांदे टेकवतोय, एवढा धिप्पाड माणूस पण काही म्हणजे काही करता येईना. पट्टा गेला, आणि दीड महिन्यात झिबिस्कोने तो स्टेकरला देऊनही टाकला.

मला विचाराल तर यात मन्नचा दोष नाही, सँडोनं दुधखुळ्यासारखा पट्टा अशा माणसाकडे दिला ज्याला तो राखता येणार नव्हता. मन्न १९३१ मध्ये गेला, किडनीच्या आजारानं, वय फक्त ३४. आणि तो झिबिस्को १९२८ ला पतियाळात परत गामासमोर आला, तेव्हा मात्र मिनिटभरसुद्धा टिकला नाही!